आधी विचारा, मग पथ्य सांगा

एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. एका पाळीत बहुतेक बायकांचं ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे १५ ते २० मिलिग्रॅम लोह. ८० मिलिलिटरच्या वर गेलं की त्याला अतिरक्तस्राव म्हणायचं, अशी डॉक्टरी पुस्तकांतली जुनी रेघ आहे. आता एखादीचं दर महिन्याला १०० मिलिलिटर जात असेल, तर ५० मिलिग्रॅम लोह गेलं. रोजच्या हिशेबात पावणेदोन मिलिग्रॅमच्या आसपास. कातडीच्या आणि आतड्याच्या पेशी झडताना रोज जवळपास एक मिलिग्रॅम लोह प्रत्येकाचंच जातं, ते यात मिळवा. म्हणजे या बाईला रोज पावणेतीन मिलिग्रॅम लोह अन्नातून रक्तापर्यंत पोचवायचं आहे. पण खाल्लेलं सगळं लोह शरीर घेत नाही. धान्य, डाळी आणि भाज्या यांच्यावर भागणाऱ्या जेवणातलं शंभरातले पाच ते बारा भाग लोहच शोषलं जातं. दिवसभरात १५ मिलिग्रॅम लोह पोटात गेलं, आणि हे काही वाईट जेवण नव्हे, तरी हाती लागतं ते दीड मिलिग्रॅम. रोज सव्वा मिलिग्रॅमची तूट.

साठा आटायला लागला की आतडं नेहमीपेक्षा जास्त लोह ओढून घेतं, हे खरं. जेवणात लिंबासारखं आंबट काही असेल तर शोषण वाढतं, जेवणाला लागून चहा-कॉफी घेतली तर घटतं, हेही खरं. ही सगळी शहाणपणाची पथ्यं आहेत आणि ती पाळावीत. पण रिकामा झालेला साठा भरायला काही शे मिलिग्रॅम लोह लागतं. जे दर महिन्याला जोरात वाहून जातंय ते ताटातल्या फेरफारांनी भरून निघत नाही. हा साधा गुणाकार-भागाकार आहे.

पंचविशीत असताना हा गुणाकार मला कुणी करून दाखवला नाही. आठ-नऊ दिवस अंगावरून जायचं, पहिले तीन दिवस रात्री दोनदा उठून पॅड बदलावं लागायचं, आणि दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत छाती धडधडायची. सांगणारे सगळे एकच सांगायचे, त्यात एक डॉक्टरही होते: खाणं सुधारा, ताण कमी करा, चालायला जा. मी मनापासून ऐकलं. दोन वर्षं हिरव्या भाज्या आणि बीट खात राहिले. बीटचा लाल रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्याचा असतो, त्याचा रक्ताशी काहीही संबंध नाही, आणि १०० ग्रॅम बीटमध्ये लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं, हे मला फार उशिरा कळलं. मग दुसऱ्या एका डॉक्टरांनी वजन विचारायच्या आधी विचारलं, किती दिवस जातं? रात्री उठावं लागतं का? गाठी पडतात का, केवढ्या? फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहसाठ्याची तपासणी, करून घेतली तर आकडा ६ आला. जागतिक आरोग्य संघटना १५ च्या खाली साठा संपल्यात जमा धरते. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराखाली वाढलेला एक फायब्रॉइड, म्हणजे स्नायूची कर्करोग नसलेली गाठ, दिसला. तो दुर्बिणीतून काढला आणि लोहाचे उपचार झाले. आज मी बीट खाते ते आवडतं म्हणून.

आहार-विहाराशी माझं वैर नाही. माझी तक्रार क्रमाबद्दल आहे. पाळीच्या तक्रारीवर पहिलं वाक्य पथ्याचं येतं, प्रश्न नंतर येतात, आणि कित्येकदा येतच नाहीत. आजार कोणता हे कळायच्या आधीच उत्तर तयार असतं, आणि त्या उत्तरात एक आरोप दडलेला असतो: तू नीट खात नाहीस, हलत नाहीस, फार विचार करतेस, म्हणून तुला हे होतंय. बाई तो आरोप निमूट मान्य करते आणि दुखणं अंगावर काढते.

जास्त रक्तस्रावाची कारणं तरी किती वेगवेगळी असावीत! फायब्रॉइड, गर्भाशयाच्या आतला मांसाचा कोंब, गर्भाशयाचं अस्तर त्याच्याच स्नायूत शिरणं, थायरॉइडची कमतरता, स्त्रीबीज बाहेर न पडणं, काही औषधं, क्वचित कर्करोग. आणि रक्त न गोठण्याचे आजार. १९२६ साली फिनलंडमधले डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांनी ओलंड बेटांवरच्या एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. त्या घरातल्या एका लहान मुलीला रक्तस्राव थांबत नाही म्हणून त्यांना दाखवलं होतं, तिच्या काही बहिणी लहानपणीच रक्त वाहून गेल्या होत्या. ती मुलगी तेराव्या वर्षी वारली, चौथ्या पाळीत. पुढे त्या आजाराला फॉन विलेब्रांड यांचंच नाव मिळालं. रक्त गोठण्याच्या आनुवंशिक दोषांमध्ये आज तो सर्वांत जास्त आढळणारा मानला जातो. बहुतेकांमध्ये तो सौम्य असतो, म्हणूनच वर्षानुवर्षं लपून राहतो. पहिल्या पाळीपासूनच ज्या मुलीला फार रक्त जातं तिच्या बाबतीत हा दोष आहे का ते पाहावं, असं वैद्यकीय मार्गदर्शिका सांगतात. आणि आपण तिला पालेभाजी वाढतो.

उपायही आहेत. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे औषध जपानमधल्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती यांनी १९६२ मध्ये शोधलं. ते पाळीच्या दिवसांपुरतं घ्यायचं असतं आणि पुष्कळ जणींचा स्राव जवळजवळ निम्म्यावर आणतं. सगळ्यांना ते चालत नाही, रक्ताच्या गुठळ्या होण्याचा इतिहास असेल तर देत नाहीत, म्हणून डॉक्टर हवा. साठ वर्षांहून जुनं औषध आहे हे, नवलाईचं नाही. तरी आठव्या दिवशीही पॅड लावून कामावर गेलेल्या किती बायकांनी त्याचं नाव ऐकलेलं असतं?

दुखण्याचा इतिहास याहून बोलका आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाळीतल्या कळा मनाचे खेळ आहेत, स्त्रीत्व न स्वीकारल्याची खूण आहे, असं गंभीर चेहऱ्याचे डॉक्टर लिहीत होते. १९५७ साली पिकल्स या ब्रिटिश संशोधकाने पाळीच्या स्रावातच स्नायूंना आकुंचन पावायला लावणारं द्रव्य असल्याचं दाखवलं. पुढे ती द्रव्यं प्रोस्टाग्लँडिन असल्याचं स्पष्ट झालं. पाळीच्या आधी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक खाली येतं, अस्तरात प्रोस्टाग्लँडिन तयार होतात, गर्भाशय आवळतं, त्याच्या रक्तवाहिन्या आकसतात, स्नायूला प्राणवायू कमी पडतो आणि कळ येते. मळमळ, जुलाब, डोकेदुखी हीसुद्धा त्याच द्रव्यांची करणी. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याची वाटच अडवतात हे सिद्ध केलं आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड या गोळ्या पाळीत का लागू पडतात आणि कळ सुरू होताच किंवा थोडं आधीच का घ्यायच्या असतात, याचं उत्तर इथे आहे. द्रव्य तयार होऊन बसल्यावर कारखाना बंद करून फारसा उपयोग नसतो. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा असणाऱ्यांनी मात्र या गोळ्या विचारूनच घ्याव्यात.

इथे आहार-विहाराचा वाटा किती? व्यायामाचा आहे, आणि तो कमी लेखण्यासारखा नाही. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात, आठवड्यातून तीन वेळा पाऊण ते एक तास व्यायाम करणाऱ्या स्त्रियांचं दुखणं १०० च्या पट्टीवर साधारण २५ अंकांनी कमी झालेलं दिसलं. अभ्यास लहान होते, पुराव्याची प्रत साधीच होती, पण फायदा मोठा दिसला. शेकण्याचंही तसंच. २००१ च्या एका चाचणीत ओटीपोटावर सतत सौम्य उष्णता दिल्याने आयबुप्रोफेनइतकाच आराम पडला. धूम्रपान करणाऱ्यांना कळा जास्त येतात, हे अनेक पाहण्यांत दिसलंय. खाण्यातल्या पूरक गोळ्या-चूर्णांबद्दल मात्र कॉक्रेनचाच २०१६ चा आढावा सांगतो की कोणत्याही एका पदार्थामागे भक्कम पुरावा नाही. तेव्हा गरम पाण्याची पिशवी घ्या, चाला, पोहा. पण व्यायामाने दुखणं हटलं नाही तर ‘तू पुरेसा केला नाहीस’ असं म्हणू नका. ‘दुसरं काही आहे का ते पाहू’ असं म्हणा.

कारण दुसरं काही असतं, आणि ते दुर्मीळ नसतं. एंडोमेट्रिऑसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, अंडाशयांवर, आतड्यांवर, ओटीपोटाच्या पडद्यावर वाढतात. मूल होण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात १९ कोटींच्या आसपास, हा आजार असावा असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आणि पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत वेगवेगळ्या देशांत सरासरी ४ ते १२ वर्षं जातात. या आकड्यापाशी मी दरवेळी थबकते. चौदाव्या वर्षी दुखायला लागलेल्या मुलीला विशीत किंवा पंचविशीत आजाराचं नाव कळतं. मधली वर्षं ती काय ऐकत असते? सगळ्यांनाच दुखतं, पाणी जास्त पी, जंक फूड सोड. संडासला जाताना, संभोगात, पाळी नसतानाही दुखणं, गोळीने न थांबणारं दुखणं, शाळा-कॉलेज बुडवणारं दुखणं यांचा अर्थ ‘सगळ्यांनाच दुखतं’ या वाक्यात मावत नाही. साधी सोनोग्राफी कधीकधी स्वच्छ येते, तरी आजार असतो, हेही मुलींना माहीत असायला हवं.

आता पथ्याच्या सल्ल्याची मला सर्वांत घातक वाटणारी बाजू. कमी खाल्ल्यामुळेच पाळी बिघडलेल्या मुलींना हाच सल्ला दिला जातो.

पहिल्या महायुद्धात जर्मन भाषक डॉक्टरांपुढे पाळी बंद झालेल्या स्त्रियांची इतकी प्रकरणं आली की त्या अवस्थेला ‘युद्धातला पाळीबंद’ अशा अर्थाचं नावच पडलं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळासारखी उपासमार झाली तेव्हाही पुष्कळ स्त्रियांची पाळी थांबली, अन्न मिळू लागल्यावर परतली. मेंदूतला हायपोथॅलॅमस शरीरातल्या ऊर्जेचा हिशेब ठेवतो. खर्च भागत नाही असं दिसलं की आधी ज्या कामाशिवाय जगता येतं ते काम थांबवतो, म्हणजे स्त्रीबीज पिकवण्याचं. यासाठी युद्धच लागतं असं नाही. २००३ मध्ये ॲन लाउक्स आणि सहकाऱ्यांनी नियमित पाळी असलेल्या निरोगी तरुणींवर प्रयोग केला. व्यायामाचा खर्च वजा जाता, चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोला रोज ३० कॅलरींपेक्षा कमी ऊर्जा उरली, तर पाच दिवसांतच पाळीचं चक्र चालवणाऱ्या संप्रेरकाची लय बिघडू लागली. पाच दिवस! समजा एखादीचं चरबी सोडून वजन ४० किलो आहे. व्यायाम वजा जाऊन तिच्याकडे १२०० कॅलरी उरायला हव्यात. वजन कमी करण्याच्या किती तरी तक्त्यांत याहून कमी असतं, वर तासभर पळणं वेगळं.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये खेळाडूंमधल्या या ऊर्जेच्या तुटीला स्वतंत्र नाव दिलं, ते पाळीच्या काळजीपेक्षाही मोठ्या कारणासाठी. पाळी थांबते तेव्हा इस्ट्रोजेन हे संप्रेरक घसरलेलं असतं, आणि ज्या वयात हाडं भरायची त्या वयात ती पोकळ होऊ लागतात. पायाच्या हाडाला बारीक तडा गेल्यावर मग कुणीतरी विचारतं, पाळी कधी आली होती? खेळाडूच कशाला, परीक्षेच्या ताणात जेवण सोडणारी, आरशाला घाबरणारी, ‘क्लीन’ खाण्याच्या नादात एकेक पदार्थ गाळत गेलेली मुलगी डोळ्यांपुढे आणा. तिची पाळी सहा महिने आलेली नाही. ती ‘हार्मोन्स संतुलित करण्याचा आहार’ शोधते, आणि त्या आहारात पहिली ओळ असते: हे बंद, ते बंद. तिला दोन घास जास्त खाण्याची, कमी पळण्याची आणि कदाचित समुपदेशकाच्या आधाराची गरज असते. न विचारता दिलेलं पथ्य इथे सरळ नुकसान करतं.

पीसीओएसबद्दल, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित होणाऱ्या आजाराबद्दल, मात्र पथ्याच्या बाजूने ठामपणे बोललं पाहिजे, नाहीतर माझाच युक्तिवाद अप्रामाणिक ठरेल. इथे आहार आणि हालचाल उपचाराच्या पहिल्या पायरीवर आहेत, आणि योग्य कारणाने. शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही तेव्हा स्वादुपिंड ते जास्त सोडतं. वाढलेलं इन्शुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं, आणि त्यांना बांधून ठेवणारं यकृतातलं प्रथिनही घटवतं. मग स्त्रीबीजं अर्धवट वाढून अडकतात. सोनोग्राफीत दिसणाऱ्या त्या ‘गाठी’ म्हणजे ही अडकलेली बीजकोशं असतात, खऱ्या गाठी नव्हेत. घाबरलेल्या मुलींना एवढं जरी सांगितलं तरी बराच धीर येतो. वजन जास्त असेल आणि ते ५ ते १० टक्क्यांनी कमी झालं तर अनेकींची पाळी सुधारते. वजन न घटताही नियमित व्यायामाने इन्शुलिनचं काम सुधारतं.

पण पीसीओएसच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत दोन गोष्टी आहेत ज्या बाजारात कुणी सांगत नाही. एक, कोणताही एक विशिष्ट आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. जो समतोल आहार बाईला झेपेल आणि टिकेल तो चांगला. दुसरी, वजनावरून लाजवणं हे स्वतःच आरोग्याला अपाय करतं, आणि वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी त्याचं भान ठेवायला हवं. सडपातळ मुलींनाही पीसीओएस होतो. त्यांना सांगायला वजनाचं वाक्य नसतं, म्हणून त्यांचं निदान राहून जातं. उलट स्थूल बाईचं निदान वजनातच संपवलं जातं. जगभरात या आजाराच्या ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना आपल्याला तो आहे हेच माहीत नसतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिवाय नव्वद-नव्वद दिवस पाळी येत नसेल तर ‘वजन घटलं की येईल’ म्हणत थांबून राहणं बरोबर नाही. आतलं अस्तर झडत नाही, जाड होत जातं, आणि पुढे त्यात कर्करोगाचा धोका वाढू शकतो. औषधाने ठराविक काळाने पाळी आणावी लागते. पथ्य आणि औषध इथे एकमेकांचे सोबती आहेत. त्यांना आमनेसामने उभं करणारे लोक बाईचा वेळ घालवतात.

पाळीआधीच्या चिडचिडीवर आणि जडपणावर उपाय विकणाऱ्यांसाठी एकच चाचणी सांगते. १९९८ मध्ये अमेरिकेत झालेल्या या चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या स्त्रियांची लक्षणं तिसऱ्या महिन्यापर्यंत ४८ टक्क्यांनी घटली. कॅल्शियमचा उपयोग दिसला, चांगली गोष्ट. पण ज्यांना नुसती खोटी गोळी दिली होती त्यांचीही लक्षणं ३० टक्क्यांनी घटली. म्हणजे कोणतंही चूर्ण, कोणताही काढा, बिया खाण्याचं कोणतंही वेळापत्रक दिलं तरी काही जणींना बरं वाटणारच, आणि त्या मनापासून तसं सांगणारच. त्यांचा अनुभव खोटा नसतो. त्यावरून काढलेली जाहिरात खोटी असते.

‘जीवनशैली’ हा शब्दही मला खुपतो. शैली आपण निवडतो. रात्रपाळी कोण निवडतं? अमेरिकेतल्या ७० हजारांहून जास्त परिचारिकांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवस-रात्रीच्या शिफ्ट बदलत काम करण्याचे महिने जसे वाढले तशी अनियमित पाळीची शक्यता वाढलेली दिसली. त्या परिचारिकेला ‘वेळेवर झोपा’ सांगणं म्हणजे काय? कामाच्या ठिकाणी धड स्वच्छतागृह नाही म्हणून पाणी न पिणारी, तासन्‌तास उभं राहणारी, सुट्टीचा दिवस पाळीत खर्च होऊ नये म्हणून गोळी खाऊन येणारी बाई रोज जे करते त्याला सवय म्हणायचं की सक्ती? आहार-विहार खरोखर महत्त्वाचा वाटत असेल तर तो सल्ला बाईच्या हातात कोंबण्याआधी कामाच्या वेळा ठरवणाऱ्यांच्या टेबलावर ठेवा.

मला समोरून दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा, की प्रत्येक कुरकुरीला डॉक्टरकडे धाडलं तर बायकांच्या शरीराचं दवाखान्यात रूपांतर होईल. भीती खोटी नाही. गरज नसताना गर्भाशय काढण्यापर्यंत गोष्टी जातात. पण ती शस्त्रक्रियाही बहुतेकदा तिथेच होते जिथे नीट विचारलेलं, मोजलेलं नसतं. शिवाय विचारण्याने भीती कमीही होते. प्रौढ स्त्रीचं चक्र २४ ते ३८ दिवसांचं असू शकतं. पाळी नुकती सुरू झालेल्या मुलीचं २१ ते ४५ दिवसांचंही चालतं. २८ दिवसांच्या दंडकापायी घाबरलेल्या कितीतरी जणींना उपचारच नको असतात, हे दोन आकडे हवे असतात. दुसरा आक्षेप: औषधाला दुष्परिणाम असतात, आहाराला नसतात. आहाराला नसतीलही. पण पथ्याच्या भरवशावर काढलेल्या सात वर्षांना असतात.

मागणी मोठी नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्येच म्हटलं की मुलींच्या पाळीकडे नाडी आणि रक्तदाबासारखं आरोग्याचं मूलभूत लक्षण म्हणून पाहावं. मग कोणत्याही दवाखान्यात, कोणत्याही तक्रारीसाठी आलेल्या मुलीला शेवटची पाळी कधी, किती दिवस, किती स्राव, किती दुखतं हे विचारलं गेलं पाहिजे. जगात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ३० टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोहाच्या गोळ्या वाटताना ‘किती जातं’ हा प्रश्न गोळीबरोबर गेला नाही तर आपण तळाला भोक असलेली घागर भरत बसू. शाळेत पाळीच्या धड्यात स्वच्छतेच्या दोन सूचनांनंतर आकडे यायला हवेत: तास-दोन तासांत पॅड भिजत असेल, अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठी पडत असतील, आठ दिवसांपलीकडे जात असेल, तीन महिने पाळीच नसेल, तर दाखवायचं. जून २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मानवी हक्क परिषदेत सांगितलं की पाळी हा स्वच्छतेपुरता विषय नाही, आरोग्याचा आणि हक्काचा आहे. विधान झालं. संशोधनाला पैसे लागतात. १९७७ पासून १९९३ पर्यंत अमेरिकेच्या औषध नियामकाची सूचना अशी होती की मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळावं. त्या पोकळीत मोघम सल्ले वाढले यात आश्चर्य नाही.

गेल्या वर्षी माझ्या भाचीने, ती चौदा वर्षांची आहे, एका वहीत तीन महिने लिहून ठेवलं. पहिला दिवस, शेवटचा दिवस, रोज किती पॅड, रात्री किती वेळा उठली, शाळा बुडाली का. आकडे बघून आम्ही तिला घेऊन गेलो. डॉक्टरबाईंनी वही उघडली, पान उलटून पाहिलं आणि तिच्याशीच बोलायला सुरुवात केली. दात पडले तेव्हा रक्त लवकर थांबलं होतं का? नाकातून येतं का कधी? खरचटलं तर निळे डाग पडतात? आईला कसं जायचं? सगळं लिहून घेतलं, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. आणि मग पेन खाली ठेवून विचारलं, जेवतेस ना नीट?